एकाच बाजूची भिंत

“अकरा वर्षं मी या हॉलमध्ये झोपतेय,” वन्सं म्हणाल्या, “आणि अकरा वर्षं तू माझ्या उशाशी बसून बातम्या ऐकतोयस. जगात काय चाललंय ते मला सगळं माहीत आहे. झोप म्हणजे काय तेवढं विसरलेय.”

“ताई, आवाज अगदी बारीक असतो,” त्यांचा धाकटा भाऊ म्हणाला.

“आवाज बारीक असतो म्हणून तर तू मला मोठ्यानं सांगतोस, ‘बघ बघ, काय म्हणतोय तो!’”

भांडण सकाळच्या चहापासून चाललं होतं. आता चहावर साय धरली होती तरी कुणी कप उचलत नव्हतं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वन्संच्या शेजारच्या खुर्चीवर बत्तीस वर्षं बसलेली त्यांची मैत्रीण दुसऱ्या गावी दोन खोल्यांत एकटी राहत होती. ‘ये माझ्याकडे, कायमची ये,’ असा तिचा फोन आला होता. वन्संनी पहिल्या तारखेला कळवते म्हणून सांगितलं होतं. पहिली तारीख पुढच्या सोमवारी होती.

“असं कसं जाशील तू? लोक काय म्हणतील?”

“लोकांना म्हणावं, या हॉलमध्ये एक रात्र झोपून बघा. मग काय म्हणायचं ते म्हणा.”

“आत्या, माझ्या खोलीत ये ना,” भाची म्हणाली. तिचं ऑफिस तिच्याच खोलीत होतं आणि तिचे साहेब पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला.

“आले होते की. नऊ रात्री. तू झोपेतसुद्धा मीटिंगा घेतेस. एकदा मलाच विचारलंस, तुमचा आवाज येत नाहीये, ऐकू येतंय का?” वन्संनी कप सरकवला. “मला खोली नको, महाल नको. मला एक दार पाहिजे. आतून लावता येणारं. सदुसष्ट वर्षांची झाले, मला अजून दार मिळालेलं नाही.”

मग त्यांनी मोर्चा भावजयीकडे वळवला. “आणि ही! दर वर्षी राजवाडे बांधते, तुरुंग बांधते, दवाखाने बांधते. स्वतःच्या घरात अजून एक फळी ठोकलेली नाही.”

हे मात्र खरं होतं. म्हणूनच भावजयीला, म्हणजे खिळेबाईंना, ते झोंबलं.

खिळेबाई हे त्यांचं नाव नव्हे. नाट्यविद्यालयातल्या मुलांनी सव्वीस वर्षांपूर्वी ठेवलेलं ते टोपणनाव. नेपथ्य शिकवताना त्या शिडीवर चढत आणि खिळे ओठांत धरून बोलत. त्यामुळे पहिल्या सहामाहीत त्यांचं बोलणं निम्मंच कळे आणि दुसऱ्या सहामाहीत मुलंही तसंच बोलू लागत. त्यांचे वडील मालाची खोकी बनवायचे. लहानपणी खोक्यांत बसूनच त्यांनी अभ्यास केला. नाट्यविद्यालयात त्या आल्या होत्या नटी व्हायला. पहिल्याच नाटकात तिसऱ्या रांगेतल्या दासीचं काम मिळालं. तालमीत महालाची पायरी मोडली तेव्हा या दासीनं घागर खाली ठेवली, कुणाच्या तरी हातातला हातोडा घेतला आणि चार ठोक्यांत पायरी बसवली. दुसऱ्या दिवशी दासी बदलली. यांना हातोडा मिळाला, तो आजतागायत सुटला नाही.

नवऱ्यानं विमा कंपनीत अपघातांचे अर्ज तपासण्यात जन्म घालवला होता. शिडी दिसली की त्याला पडलेला माणूस दिसे. त्यामुळे घरात हातोडा उचलायचा म्हटलं की आधी तासभर चर्चा. बाईंनी कंटाळून तो नाद सोडला होता. इमारतीच्या नियमांत नवी विटांची भिंत बसत नव्हती, आणि लाकडी आडोसा करून देतो म्हणणारा सुतार दोन महिने ‘आलोच’ म्हणत होता.

वन्सं जाणार म्हटल्यावर नवरा ‘लोक काय म्हणतील’ म्हणाला. बाईंना लोकांचं काही पडलं नव्हतं. त्यांना वेगळीच धडकी भरली होती, पण ती बोलून दाखवण्यासारखी नव्हती.

दर वर्षी पहिल्या तासाला बाई मुलांना रिकाम्या नाट्यगृहात नेत आणि सगळ्यांत वाईट खुर्च्यांवर बसवत. एक खांबाआड, एक शेवटच्या रांगेत, एक पहिल्या रांगेत अगदी डाव्या टोकाला. ‘इथून काय दिसतं ते लिहा.’ त्या डाव्या टोकाच्या खुर्चीत रंगीत तालमीला वन्सं बसत. सव्वीस वर्षांत एक तालीम चुकवली नाही. पडदा वर गेला की पाचव्या मिनिटाला आवाज येई, “राजाच्या शयनगृहात मला बादली दिसतेय!” किंवा, “नायिकेच्या बंगल्याला मागून टेकू दिलाय, तो हलतोय!” विद्यालयातले सहकारी म्हणायचे, छान झालंय. वन्सं म्हणायच्या, बादली. पण नणंदेला कसं सांगणार, की तुम्ही गेलात तर माझं काम बघणारं कुणी उरत नाही म्हणून?

“रविवारपर्यंत थांबा,” बाई एवढंच म्हणाल्या. “सोमवारी कळवायचंय ना? रविवारी तुम्हाला दार देते.”

“कोण बांधणार? तू?”

“माझी मुलं.”

“झालं!” नवरा म्हणाला. “म्हणजे भिंत पडणार.”

विद्यालयातही वेगळंच रामायण चालू होतं. नाट्यगृहाची वायरिंग बदलायला काढली होती. दोन महिने कुलूप. शेवटच्या वर्षाच्या सहा मुलांनी उभा सेट बांधल्याशिवाय परीक्षा पुरी होत नव्हती, आणि बांधायला रंगमंचच नव्हता. प्राचार्य म्हणाले, पुठ्ठ्याचं मॉडेल करू द्या, मार्क देऊन टाका. मुलांची तोंडं उतरली होती. तीन वर्षं घासून शेवटी पुठ्ठा!

बाई वर्गात आल्या आणि ओठांतले खिळे हातात घेतले. त्या असं क्वचितच करत, त्यामुळे सगळे सावरून बसले.

“पुठ्ठा नाही. खरी खोली. साडेनऊ फूट बाय सात. आत माणूस राहणार आहे. इथे तुकडे बनवायचे, शनिवारी तिथे नेऊन उभे करायचे. परीक्षेत मी हात लावत नाही, तेव्हा तिथेही लावणार नाही.”

“नाटक कुठलं, बाई?” सहाजणांत सगळ्यांत उंच असलेल्या लांब्यानं विचारलं.

“माझी नणंद,” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सहाहीजण मापं घ्यायला घरी आले. एकजण टेप धरून सोफ्यामागे शिरला, दोघी टीव्हीच्या मागे, लांब्यानं हात वर करून छत मोजलं. नवरा त्यांच्यामागून फिरत होता. “इथून वायर गेलीय हं. ते स्टूल एका पायानं लंगडं आहे. काय रे, तुझा विमा आहे का?”

टिपणवाली नावानं ओळखली जाणारी मुलगी वही घेऊन वन्संच्या समोर बसली. बाई शिंकल्या तरी ती लिहून घेई. नाटकातल्या पात्राबद्दल जे प्रश्न विचारायला शिकवले होते तेच तिनं वन्संना विचारले.

“आत्या, तुम्ही प्रवेश कुठून करता?”

“मी प्रवेश करत नाही. मी इथेच असते.”

“मग जाता कुठून?”

“तेच तर ठरायचंय.”

“तुमच्या आवडीचा रंग?”

“फिकट हिरवा. आमच्या एक्स्चेंजच्या भिंती तशा होत्या. आणि एक खिडकी असती तर बरं झालं असतं. पण या बाजूला कसली खिडकी येणार?”

“येईल!” टिपणवाली म्हणाली आणि वहीत दोनदा अधोरेखित केलं.

चार दिवस विद्यालयाच्या कार्यशाळेत करवती चालल्या. मुलांनी आठ कागद भरून आराखडे काढले. बाईंनी ते रात्रीचं जेवण झाल्यावर टेबलावर पसरून तपासले. दाराचं माप बरोबर, चौकटींचे सांधे बरोबर, हिरवा रंग खाली गडद आणि वर फिका होत जाणारा, म्हणजे सात फुटांची भिंत आठ फुटांची वाटावी. खिडकीला पडदा. बाईंना भरून आलं. तीन वर्षांपूर्वी यांना खिळ्याचं टोक कुठलं आणि डोकं कुठलं ते सांगावं लागलं होतं. आठही कागदांवर त्यांनी ‘ठीक’ लिहून सही केली.

शनिवारी टेम्पो आला. बाईंनी ठरल्याप्रमाणे घर मुलांच्या ताब्यात दिलं, वन्संना दाताच्या डॉक्टरकडे नेलं, नवऱ्याला सोबतीला ओढलं. लेक कानांत हेडफोनची बोंडं घालून आपल्या खोलीत मीटिंगला बसली. पाच वाजता सगळी परतली तेव्हा सहा मुलं सोफ्यापाशी रांगेत उभी होती, लग्नात वधूपक्ष उभा राहतो तशी.

हॉलच्या एका टोकाला भिंत उभी होती. आणि काय भिंत! कमरेपर्यंत लाकडी चौकटींची नक्षी, सगळी रंगानं काढलेली, पण हात लावून बघावंसं वाटेल अशी. वर फिकट हिरवा. मधोमध पांढरी खिडकी, तिला सुती पडदा, पडद्याआड निळं आकाश. डावीकडे दार, दाराला पितळी मूठ, पितळी कडी.

“वा!” नवरा म्हणाला. तो सोफ्यावर बसला, उठला, खुर्चीत बसला. “इथूनही छान दिसते! याला म्हणतात भिंत! ताई, मी माझे शब्द मागे घेतो.”

वन्संनी चष्मा पुसला, दार उघडून आत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली.

“आवडलीय बहुतेक,” लांब्या कुजबुजला.

आतून आवाज आला. “अगं, इकडे ये जरा. एकटीच ये.”

बाई आत गेल्या आणि जागच्या जागी थबकल्या. आत भिंत नव्हतीच. आत भिंतीची पाठ होती. उघड्या पट्ट्या, ताणलेल्या कापडाची उलटी बाजू, त्यावर झिरपलेले हिरवे डाग. लाल मार्करनं लिहिलेलं ‘डावा ३’, ‘ही बाजू वर’ आणि एक भलामोठा बाण, ‘प्रेक्षक’. चौकटी पडू नयेत म्हणून तीन तिरके टेकू थेट खोलीत आले होते आणि त्यांच्या पायांवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या. त्यांना जागा व्हावी म्हणून खाट कोपऱ्यात ढकलली होती. खिडकीच्या जागी पुठ्ठ्याचा तपकिरी चौकोन होता, चिकटपट्टीनं चिकटवलेला. दाराला आतून मूठ नव्हती. ओढायला सुतळी बांधली होती.

वन्सं खाटेच्या कडेवर बसल्या होत्या, पाय पिशवीवर.

“माझ्या खोलीला आकाश आहे,” त्या म्हणाल्या, “पण ते तुमच्याकडे तोंड करून आहे.”

बाईंनी दाराची सुतळी ओढून पाहिली.

“आणि कडी बाहेरून आहे. मला राहायला खोली दिलीयत, की कोंडायला?”

बाईंना ते आठ कागद आठवले. एकेक करून आठवले. आठही सोफ्यावरून काढलेले होते. या खाटेवर बसून काढलेला एकही नव्हता, आणि आठांवर आपली सही होती. ठीक, ठीक, ठीक. लाजेनं कान तापले. त्याच वेळी समोरच्या बाणावर नजर गेली. तो ‘प्रेक्षक’चा बाण वन्संच्या डोक्यापासून सुरू होऊन भिंतीपलीकडे सोफ्याकडे जात होता. बाईंनी ओठ दाबले. वन्संनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दोघी एकदम हसत सुटल्या. वन्संचा पाय पिशवीवरून घसरला, टेकू सरकला, भिंत पुढेमागे झुलली.

“पडली! पडली!” बाहेरून नवऱ्याचा आवाज आला. तो दोन्ही हातांनी भिंत धरून उभा होता. “मी म्हणत नव्हतो?”

“धरून ठेव तशीच,” वन्संनी आतून सांगितलं. “आणि त्या मुलांना आत पाठव.”

साडेनऊ बाय सातात आठजण मावले, कसेबसे. लांब्याला टेकू टाळायला मान मागे टाकून उभं राहावं लागलं. मुलांनी इकडेतिकडे पाहिलं आणि एकेकाचा चेहरा उतरत गेला.

“ही खोली तुम्ही कुठून बघितलीत?” बाईंनी विचारलं.

“सोफ्यावरून, बाई.”

“सोफ्यावर कोण बसतं?”

“काका.”

“आणि खोली काकांची आहे?”

टिपणवालीनं टिपणांची पहिली वही काढली, तीन वर्षांपूर्वीची, कोपरे दुमडलेली, आणि रडवेल्या आवाजात वाचलं. “पहिला तास. पहिली ओळ. ‘प्रेक्षकाला दिसत नाही ते नाही. तिथे रंगाचा एक थेंब घालवायचा नाही.’ बाई, तुम्हीच सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं.”

सांगितलं होतं. दर वर्षी सांगत होत्या. रंग वाचतो, वेळ वाचतो, आणि रंगमंचावर ते खरंही होतं. बाईंनी हात पुढे केला. “आण तो आराखडा. वरचाच आण.” मुलीला वाटलं, आता फाडणार. बाईंनी खिशातली पेन्सिल काढली आणि आपल्या सहीखाली लिहिलं, ‘शिक्षिका नापास.’ खाली तारीख घातली, कारण तारीख घातल्याशिवाय कागद घ्यायचा नाही हेही त्यांनीच शिकवलं होतं.

“आता रडणं पुरे,” त्या म्हणाल्या. “उद्या रविवार. काय करायचं ते बोला.”

आतूनही प्लाय मारू, एकजण म्हणाला. पण तेवढा प्लाय नव्हता, आणि टेकू कुठे जाणार? नुसता पडदा लावू, दुसरी म्हणाली. वन्संनी मान हलवली, पडद्याला कडी लागत नाही.

लांब्या छताकडे बघत होता. मागे टाकलेल्या मानेनं त्याला दुसरीकडे बघताच येत नव्हतं. “बाई,” तो म्हणाला, “भिंत फिरवली तर? आहे तशीच. अख्खी. तोंड आत, पाठ बाहेर.”

सगळ्यांच्या माना एकदम दाराकडे गेल्या. फिरवली की कडी आत येत होती. मूठ आत येत होती. नक्षी, पडदा, आकाश, सगळं आत. टेकू बाहेर. दार डावीकडून उजवीकडे जाणार होतं, म्हणजे थेट स्वयंपाकघरासमोर.

“म्हणजे,” भिंतीपलीकडून नवरा म्हणाला. तो अजून भिंत धरूनच होता. “म्हणजे मी रोज सकाळी उठून वाळूच्या पिशव्या बघायच्या?”

“रंगवून देतो काका,” कुणीतरी म्हणालं.

“आणि टेकू कुठे येणार? तिथे माझा टीव्ही आहे!”

“टीव्ही तुझ्या खोलीत ने,” वन्सं म्हणाल्या.

“आमच्या खोलीत?” बाई दचकल्या. मग त्यांनी सुस्कारा सोडला. “न्या.”

रविवारी सकाळी नऊला मुलं हजर झाली. या वेळी बाई बाहेर गेल्या नाहीत, पण हातही लावला नाही. त्या खाटेवर बसून राहिल्या, उशीला टेकून, अगदी झोपायच्या जागी, आणि तिथून जे जे खुपलं ते सांगत राहिल्या. भोक दिसतंय. आकाशाला सुरकुती पडलीय. झोपल्यावर दाराची फट थेट डोळ्यांसमोर येते, तिथे पट्टी मारा. टिपणवाली लिहून घेत होती. मध्येच तिनं विचारलं, “बाई, ती पहिली ओळ खोडू का?”

“खोडू नकोस. खाली जागा आहे का?”

“आहे.”

“मग लिही, ‘प्रेक्षक कोण ते आधी विचारा.’”

दुपारी दोनला शेवटचा स्क्रू बसला. बाईंनी मार्कांचा कागद वन्संच्या हातात दिला. वन्संनी सगळी खोली फिरून पाहिली. म्हणजे अडीच पावलं. मूठ फिरवली, कडी लावली, काढली, पुन्हा लावली, पुन्हा काढली. मग शंभरपैकी अठ्ठावन्न लिहिले.

“आत्या!” सहाजण एकदम ओरडले. “बेचाळीस कशाचे कापले?”

“चाळीस कालचे. दोन दार करकरतंय त्याचे.”

मुलं तेलाची बाटली शोधायला पळाली, दाराला तेल घातलं, साठ करून घेतले आणि गेली. वन्संनी आत जाऊन दार लावलं. कडी सरकल्याचा आवाज सगळ्या घरानं ऐकला.

मग काहीच ऐकू येईना. बाई पुस्तक घेऊन सोफ्यावर बसल्या. समोर उघड्या पट्ट्या, तीन टेकू, सहा पिशव्या आणि ‘ही बाजू वर’. रंगवायला मुलं पुढच्या आठवड्यात येणार होती. थोड्या वेळानं आतून पुटपुटल्यासारखा आवाज यायला लागला. वन्सं फोनवर बोलत होत्या. मैत्रिणीशीच, दुसरं कोण? सोमवारची वाट न बघता.

शब्द काही केल्या कळत नव्हते. अकरा वर्षांत पहिल्यांदा वन्सं फोनवर बोलत होत्या आणि घराला त्यातलं काही कळत नव्हतं. बाईंनी तीन वेळा तेच पान वाचलं. दार दिलं म्हणजे काय दिलं, हे त्यांना आत्ता कळत होतं. दाराआड माणूस काय ठरवतो ते आपल्याला कळत नाही. आणि तसं कळू नये म्हणूनच तर दार. आत वन्सं हसल्या. ते हसणं निरोपाचं होतं की कसलं, बाईंना काही उमगेना. नवरा चवड्यांवर चालत पट्ट्यांपाशी गेला आणि कापडाला कान लावायला वाकला.

“मागे या,” बाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

“अगं, पण ती जातेय की राहतेय?”

“मागे या म्हणतेय ना.”

लेकही खोलीतून बाहेर आली, कानांतली बोंडं हातात घेऊन. तिघंही सोफ्यावर ओळीनं बसली. पाऊण तास गेला. कुणी चहाचंही नाव काढलं नाही.

कडी सरकली. वन्सं दारात उभ्या राहिल्या, चष्मा कपाळावर.

“तिला कळवलं,” त्या म्हणाल्या. “मी जात नाहीये. तीच इकडे येतेय, बुधवारी, दोन महिन्यांसाठी. दुसरी खाट खिडकीखाली बसते, मी मोजून घेतलंय. आणि आत यायचं तर दार वाजवायचं. सगळ्यांनी.”